एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन खेड्यातल्या बाईचं माहेर कसं शोधायचं?

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांत आता अमेरिकन सुना आणि जावई आहेत, आणि त्यांच्या मुलांना दोन्हीकडचे पूर्वज हवे असतात. आपल्याकडची बाजू पुष्कळदा कुलवृत्तांतात छापलेली मिळते. पलीकडच्या बाजूला आयोवातल्या नाहीतर केंटकीतल्या शेतावरची एखादी खापरपणजी येते आणि शोध तिथेच अडतो. ‘मेरी, जॉनची बायको, जन्म अंदाजे १८३२, ओहायो.’ बस, एवढंच. तिचे आईवडील कोण, माहेरचं आडनाव काय, ती ओहायोहून कुणाबरोबर आली, काही म्हणता काही नाही. नवऱ्याचा वंश मात्र सहा पिढ्या मागे गेलेला असतो.

याचं मूळ कायद्यात आहे. इंग्लंडमधून आलेल्या कायद्यानुसार लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व जवळजवळ नव्हतं. तिची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जाई. मिसिसिपीने १८३९ मध्ये आणि न्यूयॉर्कने १८४८ मध्ये विवाहित स्त्रियांच्या मिळकतीचे कायदे केले, तेव्हा कुठे हे हळूहळू सैल व्हायला लागलं. तोवर जमीन तिच्या नावावर क्वचित, करयादीत ती नाही, मतदारयादीत तर नाहीच.

पण जिथे जमिनीला, पैशाला किंवा कोर्टाला तिची संमती, तिची साक्ष किंवा तिचा वाटा लागला, तिथे कारकुनाला तिचं नाव लिहावंच लागलं. शोध घ्यायचा तो या जागांचा. उदाहरणादाखल मी अधूनमधून नॅन्सी हँक्सकडे वळणार आहे. अब्राहम लिंकनची ही आई १७८४ च्या सुमारास व्हर्जिनियात जन्मली, केंटकीत वाढली आणि १८१८ च्या ऑक्टोबरमध्ये इंडियानाच्या रानात वारली. राष्ट्राध्यक्षाची आई असूनही तिच्या माहेरावरून दीडशे वर्षं वाद चालला, आणि शोधकर्ते कुठे फसतात ते तिच्या कागदांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

शेवटाकडून मागे चला

सुरुवात तिच्या मृत्यूपासून करायची. ओहायोत १८३२ च्या आसपास जन्मलेल्या मेरी ढिगाने सापडतील. अमुक काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, अमुक जॉनची विधवा म्हणून वारलेली मेरी मात्र एकच असते.

ती विसाव्या शतकात वारली असेल तर मृत्युदाखला मिळण्याची चांगली शक्यता आहे. त्यात बापाचं नाव आणि आईचं माहेरचं नाव असे रकाने असतात. मृत्युनोंदणी प्रत्येक राज्यात वेगवेगळ्या काळी सुरू झाली: मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून, ओहायोत काउंटीच्या पातळीवर १८६७ पासून आणि राज्याच्या पातळीवर १९०८ च्या डिसेंबरपासून. सगळी राज्यं नोंदणीच्या राष्ट्रीय व्यवस्थेत यायला १९३३ उजाडलं. दाखला हातात आला की आधी माहिती देणाऱ्याचं नाव पाहा. पुष्कळदा तो जावई किंवा नातू असतो, ज्याने म्हातारीच्या आईबापांना कधी पाहिलेलंच नसतं. त्याने सांगितलेलं आडनाव दिशा दाखवतं. तेवढ्यावर पुरावा झाला असं समजू नका.

ती आधीच गेली असेल तर तिच्या मुलांचे दाखले काढा, आणि सगळ्या मुलांचे काढा. आपण ज्याचे वंशज त्या एकाच मुलाचा दाखला काढून थांबणं ही या कामातली सर्वांत महागात पडणारी घाई आहे. थोरल्या मुलीला आईचं माहेर ठाऊक असतं, धाकट्या मुलाला नसतं. १९३६ नंतर सोशल सिक्युरिटीचा क्रमांक घेतलेल्या मुलांचे अर्जही मागवता येतात. त्यात आईचं माहेरचं नाव अर्जदाराने स्वतः सांगितलेलं असतं, म्हणून मृत्युदाखल्यापेक्षा त्याचं वजन जास्त.

मग थडगं. जुन्या दगडांवर ‘कॉन्सॉर्ट’ लिहिलं असेल तर ती नवऱ्याआधी गेली, ‘रेलिक्ट’ असेल तर विधवा म्हणून गेली. शेजारी कोण पुरलं आहे ते दगडावरच्या मजकुराइतकंच महत्त्वाचं असतं. आपल्याला जवळचं उदाहरण आनंदीबाई जोशी यांच्या कार्पेंटर मावशींचं आहे. थिओडोसिया कार्पेंटर राहत होत्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, पण आनंदीबाईंच्या अस्थी त्यांनी ठेवल्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत. घर एका राज्यात आणि कुटुंबाची दफनाची जागा दुसऱ्या राज्यात असेल, तर जुनी मुळं त्या दुसऱ्या जागी शोधायची. त्यांच्यावर काम करणाऱ्याने रोझेलमध्ये वेळ घालवण्याआधी पकिप्सीच्या डचेस काउंटीची दफ्तरं उघडावीत.

वर्तमानपत्रांतल्या मृत्युवार्ता बघाच, पण त्याहून खेड्यापाड्यांच्या खबरींचे रकाने बघा. ‘मिसेस अमुक आपल्या भावाकडे चार दिवस राहून परतल्या’ अशा एका ओळीत भावाचं आडनाव मिळून जातं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या संग्रहात अशी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. शोधताना तिच्या स्वतःच्या नावाऐवजी ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव असं टाका. त्या काळी छापत तसंच.

खानेसुमारी: प्रत्येक दशकाचा रकाना वेगळा

अमेरिकेची खानेसुमारी १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची माणसं वयाच्या गटांप्रमाणे नुसते आकडे. १८५० मध्ये पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव आलं, पण नातं लिहिलं नाही. ते १८८० मध्ये आलं, आणि त्याच वर्षी आईबापांची जन्मराज्यंही विचारली गेली. १८९० ची बहुतेक सगळी पानं १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीमुळे गेली, त्यामुळे १८८० ते १९०० ही वीस वर्षांची पोकळी दुसऱ्या कागदांनी भरावी लागते. १९०० च्या पानावर जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली आणि त्यांतली किती जिवंत आहेत हे सगळं आहे. मला हे पान सर्वांत मोलाचं वाटतं. नऊ मुलं झाली, पाच जिवंत, असं तिथे दिसलं आणि तुमच्या वंशावळीत तेव्हा हयात असलेली चारच असली, तर एक जिवंत मूल तुम्हाला अजून सापडायचं आहे.

काही राज्यांनी मधल्या काळात स्वतःच्या खानेसुमाऱ्या केल्या आणि त्यांत जास्त खोलात विचारलं. न्यूयॉर्कच्या १८५५ च्या पानावर जन्माची काउंटी आहे. कॅन्ससने १८७५ मध्ये ‘कुठून आलात’ हे विचारलं. आयोवाने १९२५ मध्ये प्रत्येकाच्या बापाचं नाव आणि आईचं माहेरचं नाव लिहून घेतलं. तुमची बाई १९०० मध्ये वारली असली, तरी तिचा म्हातारा भाऊ किंवा मुलगा १९२५ मध्ये आयोवात जिवंत असेल, तर उत्तर त्या पानावर सापडू शकतं.

आता मुख्य काम. लग्नाच्या वर्षाआधीच्या खानेसुमारीत ती कुमारिका म्हणून कुठेतरी आहे, आणि आडनाव ठाऊक नाही. अशा वेळी आडनावाची जागा कोरी ठेवून नाव, वय आणि जन्मराज्य यांवर शोधायचं, तेही एकाच काउंटीपुरतं. त्या काउंटीतल्या योग्य वयाच्या सगळ्या मुलींची यादी करा आणि एकेकीचं पुढे काय झालं ते पाहत नावं खोडत जा. काम कंटाळवाणं आहे, पण हमखास उपयोगी पडतं.

ही यादी करताना दोन ठिकाणी घात होतो. पहिला टोपणनावांचा. मेरीची पॉली होते, मार्थाची पॅट्सी, सेराची सॅली, मार्गारेटची पेगी, एलिझाबेथची बेट्सी नाहीतर लिझी, आणि आयरिश घरात ब्रिजेटची डेलिया. दुसरा घात सावत्र बापाचा. लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डरची आई कॅरोलाइन क्वाइनर ही विस्कॉन्सिनची; तिचा बाप १८४५ मध्ये वारला आणि १८४९ मध्ये आईने फ्रेडरिक होलब्रुकशी लग्न केलं. १८५० मध्ये तिला शोधायचं तर दार होलब्रुकचं ठोठवावं लागतं. खानेसुमारीवाला पुष्कळदा सगळ्या पोरांना घरधन्याचंच आडनाव लावून मोकळा होई.

याच कॅरोलाइनने १८६० मध्ये चार्ल्स इंगल्सशी लग्न केलं. तिच्या एका भावाचं आणि एका बहिणीचं लग्नही इंगल्सांच्याच घरात झालं. खेड्यात आसपास माणसंच थोडी, त्यामुळे अशी साटंलोटं सर्रास होत. म्हणूनच नवऱ्याच्या भावाबहिणींची लग्नं कुणाशी झाली ते पाहायचं, आणि लग्नानंतरच्या पहिल्या खानेसुमारीत तिच्या घराच्या मागच्या-पुढच्या दहा-बारा घरांतली नावं उतरवून घ्यायची. तरुण जोडपं सहसा कुणाच्या तरी बापाच्या जवळच राहत असे. कुटुंबंही गटाने पश्चिमेकडे सरकत. ओहायोत शेजारी असलेलं आडनाव इंडियानात आणि मग आयोवातही शेजारी दिसलं, तर त्या घराचा तिच्याशी काही संबंध आहे असं धरून चाला.

लग्नाचा कागद, आणि काउंटीची सरहद्द

न्यू इंग्लंड सोडलं तर ग्रामीण अमेरिकेचं दफ्तर काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये असतं, आणि काउंट्या सतत फुटत होत्या. लिंकनचा जन्म १८०९ मध्ये हार्डिन काउंटीत झाला. तीच जागा १८४३ पासून लारू काउंटीत आहे. जमीन हलत नाही, पण तिचे कागद कुठल्या गावच्या कपाटात आहेत ते बदलतं. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने सगळ्या काउंट्यांच्या सरहद्दी तारखेनुसार दाखवणारा नकाशासंग्रह फुकट उपलब्ध केला आहे. कुठलाही कागद मागवण्याआधी त्या वर्षीची काउंटी तिथे ठरवून घ्या.

जन्मनोंदी उशिरा सुरू झाल्या तरी लग्नाच्या नोंदी पुष्कळ जुन्या आहेत, कारण लग्नाला परवाना लागे. व्हर्जिनिया, केंटकी, नॉर्थ कॅरोलिना या दक्षिणेकडच्या राज्यांत नवऱ्यामुलाला जामीनकतबाही द्यावा लागे: लग्नात कायदेशीर अडथळा निघाला तर अमुक रक्कम भरू. त्यावर सही करणारा जामीन पुष्कळदा मुलीचा बाप, भाऊ किंवा काका असे. वधू अज्ञान असेल तर बापाची संमतीची चिठ्ठीही त्याला जोडलेली असते. नोंदवहीतली एका ओळीची नोंद पाहून परतू नका; मूळ कतबा आणि त्याच्या घडीतल्या चिठ्ठ्या मागा.

नॅन्सीच्या बाबतीत लोक हार्डिन काउंटीतच शोधत राहिले, कारण संसार तिथे झाला होता. कागद मिळेना, म्हणून लिंकनच्या आईबापांचं लग्नच झालं नव्हतं अशी कुजबुज त्याच्या हयातीतच सुरू झाली. १८७८ मध्ये कतबा निघाला तो वॉशिंग्टन काउंटीत. तारीख १० जून १८०६, रक्कम पन्नास पौंड, सह्या थॉमस लिंकन आणि रिचर्ड बेरी यांच्या. लग्न लागलं १२ जूनला, जेसी हेड नावाच्या धर्मोपदेशकाच्या हस्ते. मुलगी जिथे राहत होती तिथे लग्न झालं होतं, आणि शोधायला हवं होतं तेही तिथेच.

या एका कागदापाशी जरा थांबू या. बेरीने सहीपुढे स्वतःला ‘पालक’ म्हणवलं आहे. पण नॅन्सी तेव्हा साधारण बावीस वर्षांची होती, सज्ञान होती. कायद्याने तिला पालकाची गरज नव्हती. मग या शब्दाचा अर्थ एवढाच निघतो की ती बेरींच्या घरच्या आसऱ्याने राहत होती आणि तिचा बाप पुढे आलेला नाही. असा बाहेरचा माणूस जामीन राहिला की त्याच्या घरात कोण कोण नांदत होतं ते पाहायचं. बेरीची आई शिपली घराण्यातली होती, आणि त्यावरून नॅन्सीची आईसुद्धा शिपलीच असणार असा एक पक्ष उभा राहिला. नॅन्सीची आई लूसी हँक्स असं म्हणणाऱ्या दुसऱ्या पक्षाने बोट ठेवलं ते लूसीच्या कागदावर. लूसीने १७९० च्या एप्रिलमध्ये मर्सर काउंटीत हेन्री स्पॅरोशी लग्न करण्यासाठी, आपण सज्ञान आहोत आणि आपली खुशीने संमती आहे, असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे. त्या चिठ्ठीवरच्या साक्षीदारांत एक जॉन बेरी आहे. सोळा वर्षांच्या अंतराने, दोन काउंट्यांत, दोन हँक्स मुलींच्या लग्नाच्या कागदांवर बेरी आडनाव येतं. साक्षीदाराचं नाव उतरवून घ्यायला कधीही चुकू नये, ते यासाठी.

मृत्युपत्र वाचताना

बापाच्या मृत्युपत्रात ‘माझी मुलगी मेरी, जॉन अमुकची बायको’ असं वाक्य मिळालं की शोध एका फटक्यात संपतो. त्यामुळे तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन त्या काउंटीतली सगळी प्रोबेट दफ्तरं चाळा: मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, वाटपाच्या पावत्या. बाप मृत्युपत्र न करता गेला असेल तर आणखी बरं, कारण मग प्रत्येक वारसाचं नाव घेऊन वाटणीचा दावा चालतो, आणि मुलीच्या वतीने पावतीवर जावयाची सही असते.

पालकत्वाची प्रकरणं वेगळी पाहा. बाप मेला की आई जिवंत असूनही मुलांना कोर्टाच्या भाषेत अनाथ म्हणत आणि त्यांच्या मिळकतीवर पालक नेमत. हा पालक पुष्कळदा आईकडचा मामा किंवा आजोबा असतो.

मृत्युपत्राने फसवणूकही होते, आणि नॅन्सीच्या नावावर झालेली फसवणूक प्रसिद्ध आहे. केंटकीतल्या नेल्सन काउंटीत जोसेफ हँक्सचं १७९३ चं मृत्युपत्र आहे. मुलांना घोडे आणि एलिझाबेथ, पॉली, नॅन्सी या तीन मुलींना एकेक कालवड. १८९९ मध्ये एका चरित्रलेखिकेने हीच नॅन्सी लिंकनची आई म्हणून जाहीर केली. नाव जुळतं, प्रांत जुळतो, काळ जुळतो. पण ती नॅन्सी दुसरी निघाली, डेनिस हँक्स या लिंकनच्या नातलगाची आई, आणि लिंकनच्या आईची मावशी. लूसीचं नाव त्या मृत्युपत्रात नाहीच. एखाद्या मुलीला तिचा वाटा लग्नाच्या वेळीच दिला असेल, किंवा बापाने तिच्याशी संबंध तोडला असेल, तर मृत्युपत्र तिच्याबद्दल गप्प राहतं. नाव नाही म्हणजे मुलगी नाही असं मानायचं नाही, आणि नाव आहे म्हणजे आपलीच असंही नाही.

इंटरनेटवर चढवलेल्या वंशवृक्षांबद्दल मी कडक आहे, तो याच कारणाने. एकाने नाव जुळवलं, चारशे जणांनी उतरवलं, की ते खरं वाटू लागतं. त्यांतून सुगावा जरूर घ्या, पण कागद सापडेपर्यंत आपल्या वंशावळीत ते आडनाव लिहू नका.

जमिनीवरची तिची सही

नवऱ्याच्या जमिनीत विधवेला तहहयात एक तृतीयांश हक्क असे, त्याला ‘डाउअर’ म्हणत. त्यामुळे नवऱ्याने जमीन विकली की घेणारा तिचं हक्कसोडपत्र मागे. न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारी की तू हे राजीखुशीने करतेस ना, आणि तसं खरेदीखतावर लिही. बायकोचं नाव मिळण्याची ही खात्रीची जागा. १८२० च्या खतावर ‘सेरा’ आणि १८२८ च्या खतावर ‘हॅना’ असेल तर मधल्या काळात पहिली बायको वारली, आणि मुलांची आई कोणती हा प्रश्न उभा राहिला. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने किती वंशावळींत मुलं चुकीच्या आईच्या पदरात पडली आहेत.

बाप वारल्यावर जमीन विकायची तर सगळे भाऊ, बहिणी आणि त्यांचे नवरे एकाच खतावर येतात. हे खत सूचीत फक्त पहिल्या नावाखाली ‘आणि इतर’ असं नोंदलेलं असतं, म्हणून नवऱ्याच्या नावाने शोधून ते सापडत नाही. फॅमिलीसर्चच्या संकेतस्थळावर आता हस्तलिखित खतं यंत्राने वाचून त्यांच्या पूर्ण मजकुरात शोधण्याची सोय आहे. आतल्या पानांत दडलेली नावं त्यामुळे हाती येऊ लागली आहेत. या कामात इतका मोठा फरक गेल्या कित्येक वर्षांत दुसऱ्या कशाने पडलेला नाही.

मिसिसिपी नदीच्या पलीकडची बाई असेल तर होमस्टेडची फाइल विसरू नका. १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन पाच वर्षं कसून राहणाऱ्याला मिळे, आणि एकवीस वर्षांवरची अविवाहित बाई किंवा विधवाही अर्ज करू शके. नवरा मधेच वारला तर विधवेने दावा पुरा केलेला दिसतो, आणि तिच्या बाजूने साक्ष देणारे शेजारी कधी तिचेच भाऊ असतात. पट्टा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर दिसतो. पण पट्टा हा नुसता शेवटचा कागद. जबान्या असलेली पूर्ण फाइल राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवावी लागते.

विधवेचं पेन्शन

तिचा नवरा यादवी युद्धात लढला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी पेन्शनची फाइल काढा. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने सैनिकाच्या विधवेला पेन्शन मिळू लागलं, आणि ते मिळवायचं तर लग्न सिद्ध करावं लागे. लग्नाची नोंद नसेल, आणि खेड्यात पुष्कळदा नसेच, तर सुईण, शेजारीण, तिचा भाऊ, लग्नाला हजर असलेली मावशी यांच्या शपथेवरच्या जबान्या येत. ‘मी हिला लहानपणापासून ओळखतो, आम्ही टेनेसीत शेजारी होतो, लग्नाआधी हिचं नाव अमुक होतं’ अशा धाटणीची वाक्यं तिथे मिळतात. घरच्या बायबलमधली जन्म-लग्नांची पानं फाडून पुरावा म्हणून जोडलेलीही सापडतात. सैनिक मुलगा अविवाहित गेला असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईलाही पेन्शनचा हक्क होता. त्यापूर्वीच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांसाठी १८३६ आणि १८३८ चे कायदे आहेत. दक्षिणेच्या फौजेतल्या सैनिकांना संघराज्याचं पेन्शन नव्हतं. ते पुढे त्या त्या राज्याने दिलं, म्हणून त्या फाइली राज्याच्या अभिलेखागारात शोधायच्या.

पेन्शन नाकारलेल्या अर्जांच्या फाइली जाडजूड असतात, कारण तपासनीस गावोगाव फिरून माणसांना विचारत सुटलेला असतो.

चर्चची वही, आणि नगरपर्यंत आलेली एक बाई

क्वेकर पंथाच्या सभांनी ठेवलेल्या नोंदी अप्रतिम आहेत. बायकांची सभा वेगळी भरे, तिचं इतिवृत्त वेगळं. लग्नपत्रावर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या, आणि कुटुंब दुसरीकडे निघालं की जुन्या सभेने नव्या सभेला दिलेला दाखला. पंथाबाहेर लग्न केलं म्हणून काढून टाकलेल्या मुलीचं माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं त्या ठरावात मिळतात. कॅथलिक आणि जर्मन लुथरन वह्यांत बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपालक बघा, ते बहुधा मामा-मावश्या असतात. बाप्टिस्टांच्या वह्यांत ‘पत्राने दाखल’ असं दिसलं तर ती बाई आधी कुठल्या गावच्या मंडळीत होती हे शोधायचं.

न्यू इंग्लंडची रीत निराळी. तिथे जन्म, लग्न, मृत्यू गावाचा कारकून लिही, आणि एकेका कुटुंबाची मुलं एकाखाली एक मांडलेली असत. न्यू हॅम्पशरमधल्या मार्लबरो या छोट्या गावी १७९५ मध्ये जन्मलेली सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत उतरली. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांतून तिने मुलींना शिकवलं, जोतीराव फुले तिची नगरची शाळा पाहून आले, आणि १८६२ मध्ये ती नगरलाच वारली. आपल्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात तिचं नाव येतं ते ‘मिस फरार’ एवढंच. तिचं मागचं घर पाहायचं तर मार्लबरोची दफ्तरं आहेत, आणि मिशनने पाठवलेल्या माणसांचा पत्रव्यवहार हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात जपलेला आहे. मराठी संशोधकांनी हे काम हाती घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

जिचं नावच लिहिलं नाही

ती बाई गुलामीत जन्मलेली असेल तर वरचं बरंचसं लागू पडत नाही. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, वर्ण. माणसांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. १८७० ची खानेसुमारी ही पहिली, जिच्यात तिचं नाव येतं. तिथून मागे जायला १८६५ नंतरची फ्रीडमन्स ब्युरोची (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याची) दफ्तरं आणि फ्रीडमन्स बँकेच्या खातेवह्या बघा. खातं उघडताना आई, बाप, भाऊ, बहिणी यांची नावं विचारत, दूर विकल्या गेलेल्यांचीसुद्धा. त्याआधीच्या काळात तिला मालकाच्या घराण्याच्या कागदांतच शोधावं लागतं: मालमत्तेच्या याद्या, वाटण्या, गहाणखतं. तिथे आई आणि तान्हं मूल एका ओळीत, किमतीसह लिहिलेली दिसतात. वाचवत नाही, पण आई कोण आणि मूल कोणाचं हे सांगणारी कित्येकदा तेवढी एकच ओळ उरलेली असते.

डीएनए कधी

कागदांनी दोन-तीन शक्यतांपर्यंत आणून सोडल्यावर. त्याआधी केलीत तर अनोळखी नावांची लांबलचक यादी हाती येईल. साधी चाचणी पाच पिढ्यांपर्यंत बऱ्यापैकी साथ देते. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाची करा, त्याची एक पिढी वाचते. आईकडून मुलीकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियाचा वारसा फक्त मुलींच्या सरळ रेषेत तपासता येतो. नॅन्सीच्या बाबतीत ती रेषा तुटलेली: तिची मुलगी सेरा १८२८ मध्ये बाळंतपणात गेली. म्हणून संशोधकांनी आडवी वाट धरली. लूसीच्या स्पॅरो मुलींच्या, जोसेफ हँक्सच्या बायकोच्या इतर मुलींच्या आणि शिपली बहिणींच्या मुलींच्या रेषेतले आजचे वंशज गाठले. २०१५ मध्ये निकाल आला: हँक्स बाजूच्या रेषांत एकच दुर्मिळ गट मिळाला, शिपलींशी जुळला नाही. लूसी ही जोसेफ हँक्सचीच मुलगी. नॅन्सी ही लूसीची मुलगी, हा दुवा मात्र आजही कागदांवर आणि आठवणींवरच उभा आहे.

भारतात बसून

फॅमिलीसर्चचं खातं फुकट आहे आणि बहुतेक काम तिथे होतं; काही चित्रं फक्त त्यांच्या केंद्रात जाऊनच उघडतात. जे तिथे नाही त्यासाठी काउंटीच्या कारकुनाला आणि तिथल्या इतिहास मंडळाला स्वतंत्र पत्रं लिहा. ‘माझ्या पणजीची माहिती द्या’ असं लिहिलं तर उत्तर येत नाही. एका पत्रात एकच मागणी ठेवा: नवऱ्याचं नाव, बायकोचं पहिलं नाव, दोन-तीन वर्षांची मर्यादा, आणि ‘कतबा, परवाना आणि संमतीपत्र यांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती हव्यात’ हे स्पष्ट वाक्य. शुल्क किती आणि परदेशातून कसं भरायचं तेही त्यातच विचारा. कोर्टहाउस जळालं असं उत्तर आलं तर काय जळालं ते विचारा. पुष्कळदा एका खोलीतली खतं गेलेली असतात आणि लग्नाच्या वह्या शाबूत असतात, किंवा लोकांनी आपली खतं आगीनंतर परत आणून नोंदवलेली असतात.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा आणि काय पाहिलं, कुठल्या वर्षांपर्यंत पाहिलं, काय सापडलं नाही हे तारखेसह लिहा. निष्कर्षापर्यंत आलात की तो पानभर गद्यात लिहून काढा: कुठले कागद जुळतात, कुठला विरोधात जातो आणि त्या विरोधाचं तुम्ही काय केलंत. लिहिताना जिथे अडखळाल तिथे पुरावा कमी आहे. तो पुन्हा शोधायला लागा, आणि तोवर तिच्या चौकटीत आडनावाची जागा कोरीच राहू द्या. लिहून झालेलं पान त्या काउंटीच्या इतिहास मंडळाला पाठवा. त्याच बाईच्या दुसऱ्या मुलीचे वंशज कधीतरी तिथे चौकशीला येतात, आणि घरचं बायबल पुष्कळदा त्यांच्याकडे असतं.